'चांगला आहे, पण आमचा नाही': नवा बाँडपट आणि जुनं गिऱ्हाईक



गेल्या आठवड्याच्या व्हिडिओत मी सहज बोलून गेलो की 'नो टाइम टू डाय' पाहून आलो आणि त्या रात्री लवकर झोप लागली नाही. लगेच विचारणा सुरू झाली, "सर, आवडला की नाही ते एका शब्दात सांगा." एका शब्दात काही जमेना. म्हणून हा लेख.

आधीच सांगतो, यात शेवटासकट सगळं आहे. पिक्चर पाहिला नसेल तर आधी पाहून या. लेख कुठे पळून जात नाही.

मी किती जुनं गिऱ्हाईक?

आमच्या सांगलीत तेव्हा व्हीसीआर भाड्याने मिळायचा. सुट्टीत एक रात्र वडिलांनी तो आणला आणि सोबत 'मूनरेकर'ची कॅसेट. रॉजर मूरचं इंग्रजी मला ओ की ठो कळलं नाही, पण ती धून डोक्यात बसली ती बसलीच. पुढे कॉलेज झालं, धंदा सुरू झाला, पैसे असोत-नसोत, नवा बाँड आला की मी थिएटरात हजर. आपण कोर्समध्ये ज्याला 'पक्कं गिऱ्हाईक' म्हणतो ना, तो मी.

या वेळी तर वाट बघून जीव गेला. आधीचा 'स्पेक्टर' आला २०१५ मध्ये. हा यायचा होता एप्रिल २०२० ला. करोना आला, मग नोव्हेंबर झाला, मग पुढच्या वर्षीचा एप्रिल. शेवटी ३० सप्टेंबर २०२१ ला भारतात लागला, तर आपल्या महाराष्ट्रात थिएटरं बंद! बेळगावच्या मित्राने तिकडे पाहिला आणि एवढंच कळवलं, "शेवटी रडशील." आपल्याकडे थिएटरं उघडली २२ ऑक्टोबरला, तीही निम्म्या क्षमतेने. तोंडाला मास्क, शेजारची खुर्ची रिकामी आणि समोर १६३ मिनिटांचा बाँड. एवढा लांब बाँडपट आजवर झाला नव्हता.

काय आवडलं

इटलीतल्या मटेरा गावचा पहिला भाग म्हणजे पैसे वसूल. दगडी चौकात जुनी ॲस्टन मार्टिन चारी बाजूंनी घेरली जाते आणि गाडी गोल फिरवत हेडलाइटच्या जागी लपवलेल्या बंदुका सुरू होतात. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. क्युबातली आना दे आर्मास थोडाच वेळ दिसते, पण तेवढ्यात सगळा पिक्चर खिशात घालते.

आणि डॅनियल क्रेग. एक कबुली देतो. २००५ मध्ये क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हा "सोनेरी केसांचा बाँड असतो का कुठे?" म्हणून जगभर चाहते चिडले होते. बहिष्कार घालायला वेबसाइटसुद्धा काढली होती लोकांनी. चिडणाऱ्यांत मीही होतो. २००६ ला 'कसिनो रोयाल' बघितला आणि गप्प बसलो.

काय खटकलं

खलनायक साफिन. रामी मालेकसारखा नट घेतला, पण त्या माणसाला नेमकं काय हवंय हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. ब्लोफेल्डसारखा जुना शत्रू किरकोळ माणसासारखा संपवला. बाँड निवृत्त झाल्यावर ००७ हा नंबर नोमी नावाच्या मुलीला दिला. कल्पना एकदम झकास! पण तिला स्वतःची गोष्टच दिली नाही, नंबरावरून टोमणे मारण्यातच तिचा वेळ गेला.

आणि शेवट. बाँडच्या अंगात असे सूक्ष्म यंत्रकण शिरतात की आपल्या बायकोसारख्या माडलेनला आणि लहानग्या लेकीला तो पुन्हा कधी हात लावू शकणार नाही. लावला तर त्या दोघी मरतील. वरून क्षेपणास्त्रं येताहेत, लेकीचं खेळणं त्याच्याजवळ आहे, आणि तो तिथेच उभा राहतो.

डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू! पण त्याच वेळी डोक्यात राग होता. आधीच्या २४ पिक्चरांना मी एका भरवशावर गेलो होतो, की काहीही होऊ दे, हा माणूस कोट झटकत बाहेर येणार. तो भरवसाच यांनी काढून घेतला. आणि नामावली संपल्यावर पडद्यावर काय येतं? जेम्स बाँड परत येईल म्हणे! आत्ताच मारलात ना त्याला?

बाहेर पडताना तोंडातून निघून गेलं, "चांगला आहे, पण आमचा नाही."

आणि जिन्यातच थबकलो. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

मसाल्याची गोष्ट

जुन्या मंडळींना माहितीये, ट्रेनिंगमध्ये येण्याआधी माझा कांदा-लसूण मसाल्याचा धंदा होता. धंदा जरा चालायला लागल्यावर मला पुण्याच्या बाजाराची स्वप्नं पडू लागली. पुण्यातल्या दुकानदाराने सांगितलं, तिखट कमी करा, पॅकिंग चकचकीत करा. मी तिखट कमी केलं, साध्या पिशवीच्या जागी रंगीत खोका आणला, किंमतही वाढवली. सगळं एकाच महिन्यात. आणि सांगलीच्या गिऱ्हाइकांना? एका शब्दाने सांगितलं नाही.

पहिल्या दिवसापासून माझ्याकडून मसाला नेणाऱ्या एक काकू होत्या. नवा खोका घेऊन गेल्या आणि आठ दिवसांनी दुकानात आल्या. म्हणाल्या, "चांगला आहे रे मसाला. पण आमचा नाही."

मी हसून सोडून दिलं. वाटलं, जुनी माणसं, त्यांना बदल नकोच असतो. काकू पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्यामागे त्यांच्या गल्लीतली चार-पाच घरंही गेली. पुण्याची ऑर्डर दोन वेळा आली आणि थांबली. डोळे उघडले तेव्हा मी जुना मसाला जुन्याच पिशवीत पुन्हा सुरू केला आणि स्वतः काकूंच्या घरी नेऊन दिला. काकू परत आल्या. बाकीची घरं आली नाहीत. आज तो धंदा धाकटा भाऊ बघतो, आणि तिखटाला हात लावायचा नाही हा आमच्या घरातला कायदा आहे.

त्या दिवशी थिएटरच्या जिन्यात मी स्वतःच काकू झालो होतो.

मग बाँडवाले चुकले का?

इथे माझं मन अजून दोन्हीकडे आहे. कारण त्यांनी बदल माझ्यासारखा आंधळा केला नाही. २००२ चा 'डाय अनदर डे' आठवतो? त्यात गाडी चक्क अदृश्य होते! लोक हसले, पण गल्ला ४३ कोटी डॉलरच्या वर गेला, तोवरच्या बाँडपटांत सगळ्यात जास्त. एवढी विक्री असताना माल कोण बदलेल? त्यांनी बदलला. नट नवा आणला, जादुई यंत्रं काढून टाकली, मारामारी खरी वाटेल अशी केली. पण १९६२ पासूनची धून ठेवली आणि १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मधली ॲस्टन मार्टिन ठेवली. म्हणजे चव बदलली, ओळख नाही.

आणि हा मृत्यूही एकदम आलेला नाही. क्रेगच्या पाच पिक्चरांत एकच गोष्ट पुढे सरकते. पहिल्यात प्रेयसी जाते, 'स्कायफॉल'मध्ये त्याची वरिष्ठ एम जाते, त्याचं वय दिसायला लागतं. पंधरा वर्षं ते आपल्याला सांगतच होते की हा बाँड माणूस आहे, त्याला लागतं.

१९६९ मध्येही असंच झालं होतं. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये लग्न होताच बाँडच्या बायकोला गोळी लागते आणि पिक्चर तिथेच संपतो. तेव्हा अनेकांना ते रुचलं नाही, आज कित्येक चाहत्यांचा तोच आवडता आहे. त्यातलं लुई आर्मस्ट्राँगचं गाणं या नव्या पिक्चरच्या शेवटी मुद्दाम वाजवलंय. ऐकताना वाटलं, वीस वर्षांनी मीही कदाचित याच शेवटाचं कौतुक करेन. पण आज नाही.

आपण काय घ्यायचं?

एक, तुमच्या मालाची 'धून' कुठली ते ओळखा. ती सोडून बाकी सगळं बदलता येतं.

दोन, बदल टप्प्याटप्प्याने आणि सांगून करा. मी एका महिन्यात केला तो त्यांनी पाच पिक्चरांत केला.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पूर्ण खूश गिऱ्हाईक "छान" म्हणून निघून जातं, पूर्ण चिडलेलं न बोलता जातं. "चांगला आहे, पण..." म्हणणारा माणूसच तुमच्या दुकानात थांबलेला असतो. त्या 'पण'च्या पुढचं ऐका. वाद घालू नका, वहीत लिहून ठेवा.

आणि एक सावधगिरी. मुख्य माल मारून टाकायची हिंमत बाँडवाल्यांना परवडते, त्यांच्या मागे साठ वर्षांची पुण्याई आहे. तुमची-माझी ती ऐपत नाही.

घरी आल्यावर वडिलांना सांगितलं, "बाँड मेला." ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "मग पुढचा कोण? कॉनरी गेला तेव्हा आम्हीपण असंच तोंड पाडलं होतं. मूर आला, आणि तू त्याच्याच नादाला लागलास."

यावर मला काही उत्तर सुचलं नाही. पुढचा बाँड येईल तेव्हा तिकीट काढणार हे मात्र नक्की, कुरकुरत का होईना.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या तीन जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा. विकायला नाही. फक्त विचारा, "आमच्याकडे काय बदललं तर तुम्हाला चालणार नाही?" उत्तर मिळेल ते तसंच्या तसं लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.