घेर, जागा आणि साठा : रोजच्या गणिताची उजळणी



शिक्षणाचे महत्त्व आता आपल्यात कोणाला पटवून द्यावे लागत नाही. मुले शाळेत जातात, महाविद्यालयात जातात, पदवीही घेतात. मात्र गणिताचे नाव काढले की चांगले शिकलेले लोकही हात वर करतात. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर आहोत. पोटापाण्यासाठी बँकेत आलो आणि आकड्यांशी रोजचा संबंध आला. त्या अनुभवावरून सांगतो की, व्यवहारात लागणारे गणित फार थोडे आहे. पण ते येत नसेल तर होणारे नुकसान थोडे नसते. लिपिक, तलाठी, पोलीस भरती अशा परीक्षांत हेच प्रश्न येतात आणि जमीन घेताना, घर बांधताना, वाळू-मुरूम टाकून घेतानाही हेच प्रश्न समोर उभे राहतात. म्हणून परिमिती, क्षेत्रफळ, घनफळ आणि विभाज्यता या चार गोष्टींची येथे उजळणी करू.

आधी विचारायचे : काय मोजायचे आहे?

सूत्र पाठ करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. कडेने फिरायचे आहे, आतली जागा व्यापायची आहे की पोकळी भरायची आहे? शेताला तारेचे कुंपण घालायचे तर परिमिती, म्हणजे घेर लागतो. त्याच शेतात पेरणी करायची तर क्षेत्रफळ लागते. शेताच्या कोपऱ्यात हौद बांधून पाणी भरायचे तर घनफळ लागते. घेर मीटरमध्ये, जागा चौरस मीटरमध्ये आणि साठा घनमीटरमध्ये मोजतात. एवढे लक्षात राहिले तरी निम्मा गोंधळ संपतो.

घेर सारखा असला म्हणजे जागा सारखी असते, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. समजा ४० मीटर तार आहे. तिने १० × १० मीटरचा चौरस वेढला तर १०० चौरस मीटर जागा मिळते. १५ × ५ मीटरचा आयत केला तर ७५ चौरस मीटर आणि १९ × १ मीटरची पट्टी केली तर फक्त १९ चौरस मीटर. तार तीच, घेर तोच; जागा मात्र पाचव्या हिश्शापेक्षाही कमी झाली.

जमीन घेताना

हीच गोष्ट जमिनीच्या व्यवहारात महागात पडते. जमिनीच्या चारही बाजू सरळ असल्या तरी कोन काटकोन असतातच असे नाही. अशा वेळी समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करण्याची सोपी रीत वापरली जाते. या रीतीचा दोष असा की, आकार काटकोनी आयत नसेल तर तिचे उत्तर खऱ्या क्षेत्रफळापेक्षा नेहमी जास्तच येते, कमी कधीच येत नाही. त्यामुळे तोटा प्रत्येक वेळी घेणाऱ्याचा होतो.

उदाहरण पाहू. चारही बाजू ५० मीटर असलेला तुकडा आहे. सोप्या रीतीने उत्तर येते ५० × ५० = २,५०० चौरस मीटर. आता टेप कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात धरून कर्ण मोजले. एक ८० मीटर व दुसरा ६० मीटर भरला. चारही बाजू सारख्या असल्याने कर्णांच्या गुणाकाराची निमपट म्हणजे क्षेत्रफळ : ८० × ६० ÷ २ = २,४०० चौरस मीटर. जवळपास एक गुंठा कमी! आकार आणखी कलता असेल आणि कर्ण ९६ व २८ मीटर असतील, तर बाजू ५० मीटरच राहून क्षेत्रफळ १,३४४ चौरस मीटर उरते. म्हणजे अकरा गुंठ्यांहून अधिक जमीन केवळ कागदावर.

चारही बाजू वेगवेगळ्या असतील तर एक कर्ण मोजून जमिनीचे दोन त्रिकोण करावेत. त्रिकोणाच्या तीन बाजू कळल्या की शाळेत शिकवले जाणारे हीरोचे सूत्र उपयोगी पडते. तीन बाजूंच्या बेरजेची निमपट काढा. तिच्यातून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करा. ती निमपट आणि आलेल्या तीन वजाबाक्या यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. वरच्या तुकड्यात ५०, ५० आणि ८० अशा बाजूंचा त्रिकोण होतो. निमपट ९०, वजाबाक्या ४०, ४० आणि १०. गुणाकार १४,४०,०००, वर्गमूळ १,२००. असे दोन त्रिकोण म्हणजे २,४०० चौरस मीटर. उत्तर जुळले. अर्थात खरेदीखतापूर्वी भूमी अभिलेख खात्याची सरकारी मोजणी करून घेणे केव्हाही उत्तम. पण बोलणी करण्यापूर्वी अंदाज आपल्यालाच काढता आला पाहिजे.

एककांचीही ओळख हवी. ३३ × ३३ फूट म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. सात-बारावर क्षेत्र हेक्टर व आरमध्ये असते. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १०० आर म्हणजे १ हेक्टर. एक एकर सुमारे ४,०४७ चौरस मीटर असल्याने तो साधारण साडेचाळीस आर भरतो. गुंठा आरपेक्षा किंचित मोठा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

येथे एक सापळा आहे. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणून १ चौरस मीटरही ३.२८ चौरस फूट असे धरू नये. लांबी आणि रुंदी दोन्ही बदलतात, म्हणून ३.२८ ला ३.२८ ने गुणून १ चौरस मीटर सुमारे १०.७६ चौरस फूट होतो. तसेच १ मीटरचे १०० सेंटीमीटर, पण १ चौरस मीटरचे १०,००० चौरस सेंटीमीटर आणि १ घनमीटरचे १० लाख घनसेंटीमीटर.

शहरात सदनिका घेणाऱ्यांनीही क्षेत्रफळाचा शब्द नीट वाचावा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात, ज्याला लोक रेरा म्हणतात, चटई क्षेत्राची व्याख्या दिलेली आहे. त्यात आतल्या खोल्यांमधील भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी व गच्ची धरत नाहीत. जाहिरातीतील ‘सुपर बिल्ट-अप’ या मोठ्या आकड्याला चौरस फुटाच्या दराने गुणण्याआधी चटई क्षेत्र किती, हे विचारावे.

ब्रास, हौद आणि विहीर

घनफळ म्हणजे लांबी × रुंदी × उंची. १ घनमीटर म्हणजे बरोबर १,००० लिटर. हौद आतून २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि १ मीटर खोल असेल तर ३ घनमीटर, म्हणजे ३,००० लिटर पाणी मावेल. मापे आतली घ्यावीत. तिन्ही मापे दुप्पट केली तर पाणी दुप्पट नव्हे, आठपट मावते.

वाळू, मुरूम, खडी ब्रासवर मिळते. येथे १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आतून १० फूट लांब, ५ फूट रुंद असेल आणि माल २ फूट भरला असेल तर १ ब्रास होतो. माल दीड फूटच असेल तर ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास. चार खेपांत पूर्ण एका ब्रासचा फरक पडतो. टेप लावायला दोन मिनिटे लागतात. गिलावा किंवा फरशीच्या कामात मात्र ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एकच, मापे दोन. दर ठरवतानाच स्पष्ट करून घ्यावे.

गोल विहिरीसाठी २२/७ × त्रिज्या × त्रिज्या × खोली. व्यास ७ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर त्रिज्या साडेतीन मीटर. उत्तर १५४ घनमीटर, म्हणजे १,५४,००० लिटर. परीक्षेत व्यास देतात आणि घाईत मुले तीच त्रिज्या समजतात. मग उत्तर चौपट येते. पर्यायांत ते चौपट उत्तरही असू शकते, म्हणून सावध राहावे.

भाग जातो की नाही?

विभाज्यतेचे नियम पाठ असतात, पण कारण माहीत नसते. कारण कळले की नियम विसरत नाही. संख्येच्या अंकांची बेरीज ९ ने भागली गेली तर संख्याही भागली जाते. असे का? १० म्हणजे ९ + १, १०० म्हणजे ९९ + १, १,००० म्हणजे ९९९ + १. त्यातले ९, ९९, ९९९ हे ९ ने जातातच. मागे उरतात ते फक्त अंक. ४,५७२ मध्ये ४ + ५ + ७ + २ = १८, म्हणून ९ ने भाग जातो. ३ चा नियमही याच कारणाने. १०० ला ४ ने भाग जातो, म्हणून ४ साठी शेवटचे दोन अंक पाहावेत. १,००० ला ८ ने जातो, म्हणून ८ साठी शेवटचे तीन.

जोड नियम करताना एक काळजी घ्यावी. १२ साठी ३ आणि ४ तपासावेत. २ आणि ६ नव्हेत. १८ ला २ ने जातो, ६ नेही जातो, पण १२ ने जात नाही. निवडलेल्या दोन संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसावा.

९ च्या नियमाचा हिशेबनिसांना मोठा आधार आहे. जमा-खर्च जुळत नाही आणि फरकाला ९ ने भाग जातो, तेव्हा दोन अंक उलटसुलट लिहिले गेल्याचा संशय घ्यावा. ५,८४० ऐवजी ५,४८० लिहिले तर फरक ३६०, म्हणजे ९० × ४. यावरून शतक-दशक स्थानी, ४ चा फरक असलेले दोन अंक शोधायचे, हे कळते. शून्य गळाले तरी फरक ९ च्या पटीत येतो. फरकाला २ ने भाग जात असेल तर निम्म्या रकमेची नोंद जमेऐवजी नावे पडली आहे का, हेही पाहावे. हा पुरावा नव्हे, दिशा आहे. बँकांत आता बेरीज संगणक करतो. पण बचत गटाची किंवा मंडळाची वही हाताने लिहिणाऱ्याला ही युक्ती आजही तास वाचवून देते.

देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली जगापुढे मांडलेली ६१७४ ही संख्या याच कुळातली. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा व हीच कृती पुन्हा करा. ३५२४ वरून ५४३२ − २३४५ = ३०८७; मग ८७३० − ०३७८ = ८३५२; मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतेच. प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातो का, हे विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावे.

सरावासाठी

१) १८ × १२ मीटरच्या जागेला ३ मीटरचे फाटक सोडून तारेचे तीन पदर घालायचे आहेत. किती तार लागेल?
२) १२ × १० फुटांच्या खोलीत २ × २ फुटांच्या किती फरश्या बसतील?
३) ९ × ५ फुटांच्या ट्रॉलीत २ फूट मुरूम भरला. १० खेपांत किती ब्रास?
४) ७_३८ या संख्येला ९ ने भाग जावा म्हणून रिकाम्या जागी कोणकोणते अंक चालतील?
५) ५,१३६ ला २४ ने भाग जातो का? भागाकार न करता सांगा.

उत्तरे : १) १७१ मीटर २) ३० ३) ९ ब्रास ४) ० व ९ ५) होय; ३ ने व ८ ने भाग जातो.

पालकांना एकच विनंती आहे. घरात एक मोजपट्टी आणून ठेवा आणि ती मुलामुलींच्या हातात द्या. खोली, पाण्याची टाकी, अंगण त्यांना मोजू द्या. जमिनीची किंवा घराची बोलणी होतील तेव्हा त्यांनाही शेजारी बसवा आणि हिशेब त्यांच्याकडून तपासून घ्या. ज्याला स्वतः मोजता येते, त्याला दुसऱ्याच्या मापावर विसंबून राहावे लागत नाही.