जरीच्या धाग्यातलं जाळं

अस्सल जरीच्या जुन्या पैठणीचा पदर पसरावा, मल्टिमीटर सलगता तपासायच्या खुणेवर आणावा आणि त्याच्या दोन सुया जरीच्या एकाच धाग्यावर वीतभर अंतर ठेवून टेकवाव्यात. मीटर वाजतो. शेजारच्या रेशमी धाग्यावर सुया नेल्या की गप्प होतो. हल्लीच्या स्वस्त साडीतल्या चकचकीत जरीवरही तो बहुधा गप्पच राहतो, कारण ती प्लास्टिकच्या फितीवर धातूचा नावापुरता थर देऊन आणि त्यावर रंगीत लेप चढवून केलेली असते. जुन्या जरीत मात्र खरी तार आहे. तिच्यातून वीज जाते, आणि वीज जाते तिथून माहितीही पाठवता येते.

येवल्याच्या मागांवर विणल्या जाणाऱ्या पैठणीची जर सुरतेहून येते. देशातल्या जरीचा सर्वांत मोठा वाटा या एकाच शहरात तयार होतो, आणि सुरतेच्या जरीकामाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. जर बनवायची रीत पाहण्यासारखी आहे. चांदीची कांब एकापेक्षा एक लहान भोकांमधून ओढत ओढत केसाइतकी बारीक तार काढतात. ती तार पोलादी रुळांमधून दाबून चपटी करतात. हा झाला बादला. मग रंगवलेल्या रेशमी धाग्याभोवती हा बादला मळसूत्री वळणाने इतका दाट गुंडाळतात की आतलं रेशीम दिसू नये. शेवटी सोन्याचा मुलामा. पूर्वी सोन्याचा पत्रा कांबीवरच चढवून मग तार ओढत. आता मुलामा विजेच्या साहाय्याने देतात. नकली जरीत चांदीच्या जागी तांब्याची तार असते आणि तिच्यावर चांदीचा मुलामा. ग्राहकाच्या दृष्टीने ही कमअस्सल. पण वीजवहनात चांदीचा पहिला नंबर, तांब्याचा दुसरा आणि सोन्याचा तिसरा. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या दृष्टीने नकली जरही पहिल्या प्रतीची आहे.

आतला धागा ताण सोसतो आणि बाहेरची तार वीज वाहून नेते, अशी ही कामाची वाटणी आहे. नुसती तांब्याची तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. तीच पातळ चपटी करून धाग्याभोवती गुंडाळली, तर वाकताना तिच्यावर फारच थोडा ताण येतो आणि ती हजारो वेळा वाकूनही टिकते. घरातल्या जुन्या फोनच्या रिसीव्हरची गुंडाळलेली दोरी आठवते? ती वर्षानुवर्षं ओढली, पिळली, ताणली तरी आवाज येत राहायचा. तिच्यात याच रचनेच्या तारा असत. लाउडस्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्यापर्यंत वीज नेणारी लवचीक तारही याच जातीची.

कापडात संगणक विणायचा विचार अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रेह्मी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी 1997 च्या सुमाराला केला, तेव्हा त्यांनी हाती घेतलेलं एक कापड होतं ऑर्गेन्झा. उभे धागे रेशमाचे आणि आडवे धागे तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेल्या रेशमाचे. असं कापड भारतात निदान शतकभर विणलं जात आलं आहे, हे त्यांनी लिहूनही ठेवलं. रेशीम उष्णता बऱ्यापैकी सोसतं, त्यामुळे या कापडावर इलेक्ट्रॉनिक भाग डाखता येत. त्यांनी एका जॅकेटवर पोलादी धाग्याने भरतकाम करून वाजवता येणारा कळफलक बनवला आणि वीज व संदेश यांची ने-आण ऑर्गेन्झाच्या पट्टीतून केली. विद्युतवाहक कापडाचं अमेरिकी पेटंट त्यांच्या नावावर 2001 मध्ये नोंदलं गेलं. जरीच्या कापडाची नवी ओळख जगाला बोस्टनजवळच्या प्रयोगशाळेतून झाली. सुरतेतून झाली नाही, याची रुखरुख मला आजही वाटते.

पुढची उडी जर्मनीत मारली गेली. 2003–04 च्या सुमाराला इन्फिनिऑन ही चिप बनवणारी कंपनी आणि फोरवेर्क ही गालिचे बनवणारी कंपनी यांनी मिळून 'विचार करणारा गालिचा' लोकांसमोर ठेवला. गालिच्याखालच्या कापडात तांब्याच्या बारीक तारांची उभी-आडवी जाळी आणि जाळीत ठरावीक अंतरावर छोट्या चिप. प्रत्येक चिप फक्त आपल्या चार शेजाऱ्यांशी जोडलेली. कुठे पाय पडला हे गालिच्याला कळतं, आणि ती खबर चिपमागून चिप करत कडेच्या संगणकापर्यंत पोहोचते. म्हणजे जमिनीवरचं अंथरूण हेच संगणकांचं जाळं.

यातली खरी करामत वेगळीच आहे. गालिचा कापावा लागतो. खोलीत खांब असतो, दाराचा कोनाडा असतो, भिंत तिरकी असते. बसवणारा कारागीर पट्टी ठेवून सरळ कात्री चालवतो. संगणकाचं जाळं असं कापलं तर बंद पडेल. म्हणून या चिपना कारखान्यातून कोणताही पक्का पत्ता दिलेला नसतो. वीज सुरू झाली की कडेची पहिली चिप शेजाऱ्यांना सांगते, 'मी शून्य'. शेजारी स्वतःला एक म्हणवतात आणि पुढच्यांना तसं कळवतात. ते होतात दोन. शाळेच्या कवायतीत रांगेतली मुलं एकामागून एक आपला क्रमांक पुकारतात, तसं हे सगळ्या जमिनीभर पसरत जातं. क्षणात प्रत्येक चिपला आपण कडेपासून किती पावलांवर आहोत हे ठाऊक होतं. संदेश पाठवायचा तर तो नेहमी आपल्यापेक्षा लहान आकड्याच्या शेजाऱ्याकडे द्यायचा. खांबाच्या जागी भोक पडलं असेल तर तिथला शेजारी उत्तरच देत नाही, आकडे भोकाला वळसा घालून पुढे जातात आणि रस्ताही आपोआप तसाच वळतो. उद्या एखादी तार तुटली तर पुन्हा आकडे पुकारायचे, नवा नकाशा तयार.

ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. ज्या जाळ्यात एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला अनेक वाटा असतात, तिथे संदेश गोल गोल फिरत राहण्याचा धोका असतो. आणि चार शेजाऱ्यांच्या जाळीत तर अशी वर्तुळंच वर्तुळं. कार्यालयांमधल्या संगणक-जाळ्यांसाठी या दुखण्यावरचा उपाय राडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना शोधला. जाळ्यातल्या पेट्यांनी आपापसांत बोलून एक मूळ ठरवायचं, प्रत्येकीने त्या मुळापर्यंतची सर्वांत जवळची वाट धरायची आणि जास्तीच्या वाटा तात्पुरत्या मिटून ठेवायच्या. कुठे बिघाड झाला की मिटलेली वाट उघडायची. जगभरची इथरनेटची जाळी याच युक्तीच्या आधारावर वाढली. पर्लमन यांच्या नावावर शंभराहून अधिक पेटंटं आहेत.

इथरनेटची स्वतःची कहाणी सुरतेतल्या लहान कारखानदारांनी तर वाचायलाच हवी. रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात 1973 पासून ते घडवलं. पेटंटचा अर्ज 1975 चा, मंजुरी डिसेंबर 1977 ची. एकाच तारेवर अनेक संगणक. बोलण्याआधी प्रत्येकाने तार मोकळी आहे का ते ऐकायचं, दोघं एकाच वेळी बोलले तर दोघांनीही थांबायचं आणि वाटेल तेवढा, प्रत्येकाने निराळा, वेळ जाऊ देऊन पुन्हा प्रयत्न करायचा. ही युक्ती झेरॉक्सला कुलपात ठेवता आली असती. तसं न करता डिजिटल आणि इंटेल यांना सोबत घेऊन तिने 1980 मध्ये सगळा तपशील छापून प्रसिद्ध केला आणि एकदाच भरायच्या 1000 डॉलरमध्ये कोणालाही परवाना देऊ केला. दहा कंपन्यांनी दहा प्रकारची यंत्रं बनवली, ती एकमेकांशी जुळली, आणि प्रतिस्पर्धी पद्धती मागे पडल्या.

जमिनीच्या आच्छादनांमध्येही पेटंटचा असाच एक धडा आहे, आणि त्यात आपल्या विदर्भाच्या पिकाचा संबंध आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टन यांना रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर रबरासारखी साय धरलेली दिसली. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, हे त्या सायीचं कारण. त्यांनी त्या घट्ट तेलात बुचाचा भुगा आणि राळ मिसळून ते जाड कापडावर लाटलं आणि 1863 मध्ये लिनोलियमचं पेटंट घेतलं. पुढे मागणी इतकी वाढली की त्यासाठी जवस आणि खालच्या कापडासाठी ताग हवाच झाला. नागपूर भागातला जवस मुंबई बंदरातून परदेशी जात असे तो हाच काळ. पेटंटची मुदत संपताच स्कॉटलंडच्या नेअर्न कंपनीने तीच वस्तू त्याच नावाने विकायला काढली. वॉल्टन यांची कंपनी कोर्टात गेली आणि 1878 मध्ये हरली. मुदत संपल्यावर वस्तू सर्वांची, आणि लोकांनी वस्तूला तेच नाव दिलं असेल तर नावही सर्वांचं, असा त्या निकालाचा अर्थ होता.

हे सगळं सुरतेच्या संदर्भात मांडायचं कारण सरळ आहे. पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा. शोध कसा काम करतो ते सगळं लिहून जाहीर करायचं, बदल्यात 20 वर्षांचा एकाधिकार घ्यायचा. मुदत सरली की उरतो तो फक्त उघडा मजकूर. 1997 च्या सुमाराला अर्ज केलेली वाहक कापडांची पेटंटं आता संपली आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पेटंट ज्या देशात घेतलं त्याच देशात चालतं. जर्मनीत आणि अमेरिकेत नोंदलेलं, पण भारतात कधी अर्जच न केलेलं तंत्र इथे बनवायला आणि इथे विकायला मोकळीक आहे. त्या देशांत माल पाठवताना मात्र जपावं लागतं. ही कागदपत्रं आकृत्यांसकट इंटरनेटवर फुकट वाचता येतात. उधना, लिंबायत, डिंडोलीच्या वस्त्यांमध्ये खानदेशातून आलेली दुसरी-तिसरी पिढी मागावर, भरतकामाच्या संगणकी यंत्रांवर, जॅकार्डच्या दुरुस्तीवर काम करते आहे. यंत्राची आकृती वाचणं हे त्यांचं रोजचं काम आहे. पेटंटच्या आकृत्या त्याहून अवघड नसतात.

मात्र जुनं तसंच्या तसं उचलून आपलं काम भागणार नाही, कारण जर्मन गालिचा आपल्या घरांसाठी नाही. इन्फिनिऑनमध्ये या कामात असलेल्या क्रिस्टल लाउटरबाख यांनी पुढे स्वतःची कंपनी काढली आणि वृद्धाश्रमांसाठी फरशीखाली पसरायचं संवेदक कापड तयार केलं. माणूस पडला, तर कॅमेऱ्याशिवाय परिचारिकेला कळतं. ते दाबावर चालत नाही. माणसाच्या शरीरात खारट पाणी असल्यामुळे त्याचा पाय जवळ आला की कापडातल्या पट्टीची विद्युतभार साठवायची क्षमता बदलते. मोबाइलच्या पडद्याला बोट कळतं तेही असंच. आता आपल्याकडे घरोघरी फरशी, आणि तीही रोज ओल्या फडक्याने पुसलेली. पाणीही वीज वाहतं, त्यामुळे ओली फरशी आणि पडलेला माणूस यांत फरक करणं हा खास आपला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न जोडाचा. जरीचा धागा आणि चिप यांच्यातला जोड दमट हवेत काळा न पडता, पावलांखाली घासून न सुटता दहा वर्षं टिकायला हवा. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, हे जरीच्या व्यापाऱ्याला कुणी सांगायला नको.

कायद्याच्या नजरेनेही शोध याच ठिकाणी आहे. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 3(पी) प्रमाणे परंपरेने चालत आलेल्या ज्ञानावर पेटंट मिळत नाही, म्हणजे जरीचं तंत्र कोणालाही आपल्या नावावर करून घेता येणार नाही. हे फार चांगलं आहे. कलम 3(के) प्रमाणे निव्वळ संगणकाच्या प्रोग्रॅमवरही मिळत नाही. परंतु फरीद अलानी यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं की प्रोग्रॅममुळे काही तांत्रिक परिणाम साधत असेल, तर केवळ प्रोग्रॅम आहे म्हणून अर्ज फेटाळू नये. जरीचा न काळवंडणारा जोड, किंवा ओली फरशी ओळखून स्वतःला सावरणारं जाळं, हे दोन्ही त्या कसोटीवर मांडता येण्याजोगे शोध आहेत.

सुरतेचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतो आणि तो घरबसल्या भरता येतो. एकट्या माणसाला किंवा लहान उद्योगाला अर्जाचं शुल्क 1600 रुपये आहे. सुरुवातीला हंगामी तपशील देऊन तारीख पक्की करता येते, आणि पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. शहरात सरदार वल्लभभाई पटेल यांच्या नावाची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे आणि 'मंत्रा' ही कृत्रिम धाग्यांवर काम करणारी संशोधन संस्थाही. एका खोलीपुरतं कापड विणून ते कापणं, पुसणं, तुडवणं आणि मोजणं यासाठी हे 12 महिने पुरेसे आहेत. एक खबरदारी मात्र कापड बाजाराच्या सवयीविरुद्ध जाऊन घ्यावी लागेल. नवा नमुना उतरला की त्याचा फोटो संध्याकाळच्या आत व्यापाऱ्यांच्या मोबाइलवर जातो. पेटंटच्या बाबतीत अर्जाआधी शोधाचा तपशील असा उघड झाला तर त्याचं नवेपण तिथेच संपतं. आधी अर्ज भरावा, मग फोटो पाठवावा.