प्रवाळाला जागा देताना

कठीण प्रवाळ हा एका जागी चिकटून आयुष्य काढणारा प्राणी आहे. समुद्रफुलाच्या नात्यातले त्याचे बारीक पॉलिप पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन ॲरागोनाइटचा, म्हणजे चुन्याच्या एका रूपाचा, सांगाडा घडवतात. रीफ, म्हणजे प्रवाळभित्ती, बांधणाऱ्या बहुतेक जातींच्या पेशींत झूझँथेली हे एकपेशीय शैवाल राहते. उजेडात ते अन्न तयार करते, त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो आणि सांगाडाही उजेडात अधिक वेगाने वाढतो. ऊन वाढले म्हणून सावलीला सरकणे किंवा शेजाऱ्याने डंख मारला म्हणून दूर होणे बहुतेक प्रवाळांना जमत नाही. घरातल्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळासाठीच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, प्रवाळ कुठे बसवले, यावरच त्याची पुढची प्रकृती बरीचशी ठरून जाते.

भाईंदरजवळच्या उत्तनसारख्या ठिकाणी समुद्र दाराशी असतो, तेव्हा तेच पाणी टाकीत का भरू नये, असा प्रश्न सहज पडतो. उत्तन, पाली, चौक या भागासमोरचे पाणी वर्षातला बराच काळ मातकट असते. उल्हास नदीचा गाळ वसईच्या खाडीतून समुद्रात येतो, उधाणाच्या भरती-ओहोटीत तो पुन्हा पुन्हा ढवळला जातो, आणि पावसाळ्यात गोडे पाणी मिसळून खारटपणा उतरतो. बोंबलाला हे पाणी मानवते. स्वच्छ, उजेडाच्या पाण्यात वाढणाऱ्या ॲक्रोपोरासारख्या प्रवाळाला मानवत नाही. लक्षद्वीपसारखी प्रवाळबेटे कोकण किनाऱ्याला लागून दिसत नाहीत, त्याचे मोठे कारण हेच. त्याउलट विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेवर किनाऱ्याचा गाळ पोहोचत नाही आणि तिथे समुद्राखाली मोठे प्रवाळक्षेत्र आहे.

म्हणून महाराष्ट्राचा किनारा प्रवाळविरहित आहे असे नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या अनेक ठिकाणच्या जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे. तिथल्या खडकांवर पोराइटिस, टर्बिनारिया अशी प्रवाळे आहेत. मुंबईतही हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर लहान वसाहती तग धरून आहेत. स्यूडोसिडेरॅस्ट्रिया ही खडकाला चिकटून पसरणारी जात गाळ आणि ओहोटीचे ऊन दोन्ही सोसते. मुंबईच्या किनारा रस्त्याच्या (कोस्टल रोडच्या) कामात आड येणाऱ्या १८ वसाहती नोव्हेंबर २०२० मध्ये वन्यजीव विभागाच्या परवानगीने, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हलवण्यात आल्या. प्रवाळ उचलून दुसरीकडे नेताना समुद्रात जे बघावे लागते तेच टाकीतही बघावे लागते: नव्या जागेचा उजेड, पाण्याची हालचाल आणि गाळ जुन्या जागेशी किती जुळतात.

किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून घरी आणणे मात्र गुन्हा आहे, तुकडा जिवंत असो वा मेलेला. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी प्रवाळे २००१ पासून आहेत आणि त्या अनुसूचीतल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो. त्यामुळे विक्रेत्याकडे रीतसर आयातीची कागदपत्रे आहेत का, हे विचारल्याशिवाय एकही फ्रॅग, म्हणजे लावण्यासाठी कापलेला प्रवाळाचा तुकडा, घेऊ नये. ज्याला समुद्राची ओढ आहे त्याच्यासाठी ही पहिली अट असायला हवी.

टाकीतले पाणी आरओ-डीआयने क्षार काढून शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी मीठ कालवून तयार करतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन, फॉस्फेट आणि तांब्याचा अंश प्रवाळाला घातक ठरतात. खारटपणा ३५ भाग प्रति हजार, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास; कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम; मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम; अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे माप, ८ ते ९ डीकेएच. यांतली अल्कलिनिटी सर्वांत आधी घसरते, कारण सांगाडा बांधताना ती रोज खर्च होते. आकडा ८ आहे की ९, यापेक्षा तो रोज तोच राहतो का, हे अधिक महत्त्वाचे. एका दिवसात दीड-दोन डीकेएचची उडी चांगल्या वाढलेल्या ॲक्रोपोराची टोके जाळू शकते. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याचा हट्टही चुकीचा आहे. शैवालालाही पोषण लागते आणि उपाशी प्रवाळ फिकट पडते.

पाणी सगळ्या टाकीत एकच असते. उजेड आणि प्रवाह मात्र कोपऱ्या-कोपऱ्यात बदलतात. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड ‘पार’ या मापात मोजतात. छोट्या पॉलिपची, म्हणजे एसपीएस गटातली ॲक्रोपोरा साधारण २५० ते ४०० पारला, खडकाच्या वरच्या भागात ठेवतात. मॉन्टिपोरा त्याखाली, मधल्या उंचीवर चालते. मोठ्या मांसल पॉलिपची, एलपीएस गटातली युफिलिया ८० ते १५० पारमध्ये सुखी असते. फंजियाची सुटी तबकडी वाळूवरच हवी. ती फुगून हळूहळू सरकते आणि खडकावर ठेवली तर खाली पडून फाटते. ट्युबॅस्ट्रिया या केशरी प्रवाळात शैवाल नसते. त्याला उजेडाची गरज नाही, पण पॉलिपना वरचेवर खाऊ घालावे लागते. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने ते घेऊच नये.

दुकानातल्या मंद दिव्याखालचा फ्रॅग पहिल्याच दिवशी वर चढवणे ही सर्वांत सर्रास घडणारी चूक. एकदम वाढलेल्या उजेडात शैवाल जास्तीचा ऑक्सिजन अपायकारक रूपात तयार करते, आणि प्रवाळ ते शैवालच बाहेर टाकते. फ्रॅग आधी वाळूजवळ ठेवावा आणि तीन-चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वर न्यावा, किंवा जागा कायम ठेवून दिव्याची तीव्रता हळूहळू वाढवावी.

प्रवाहाकडे उजेडापेक्षा कमी लक्ष दिले जाते, आणि ते योग्य नाही. प्रवाळाच्या कातडीलगत पाण्याचा एक स्तब्ध थर असतो. वाहते पाणी तो पातळ करते, ऑक्सिजन आत पोहोचवते आणि घाण बाहेर नेते. एसपीएसला दिशा बदलणारा, उलटसुलट आणि जोरदार प्रवाह लागतो. एलपीएसचे पॉलिप संथपणे डोलावेत इतकाच प्रवाह पुरे. वेव्हमेकरचा, म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचा, झोत सरळ एका बाजूवर सतत आदळला, तर सांगाड्याच्या धारेवरून मांस सुटते. फांद्यांच्या बेचक्यात गाळ साचलेला दिसला तर तिथे प्रवाह कमी आहे असे समजावे.

शेजाऱ्यांचे भांडण रात्री चालते. युफिलिया आणि विशेषतः गॅलेक्सिया अंधारात लांब डंखधारी तंतू सोडतात. गॅलेक्सियाचे तंतू २० सेंटिमीटरच्या पलीकडे पोहोचू शकतात. काही जाती पोटातले पाचक तंतू बाहेर काढून शेजाऱ्याला जागीच पचवतात. दिवसा दोघांत चार बोटांचे अंतर दिसते आणि सकाळी एकाच्या बाजूला पांढरी कड उमटलेली असते. त्यामुळे जागा ठरवताना फ्रॅगचा आजचा आकार धरू नये, दोन वर्षांनंतरचा धरावा. दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन टाकी पाहिली तर कोण कुठवर पोहोचते ते कळते.

निरोगी प्रवाळाचे पॉलिप नेहमीच्या वेळी उघडतात, रंग भरलेला असतो आणि कडेला नव्या वाढीची फिकट किनार असते. मांस शाबूत राहून रंग गेला तर ते ब्लीचिंग. पॉलिप अजून जिवंत असतात आणि उजेड कमी करून, थोडे खाद्य देऊन ते सावरू शकतात. मांसच गळून पांढरा सांगाडा उघडा पडत असेल तर दुखणे वेगळे आहे. अशा वेळी फांदी निरोगी भागापासून कापून वेगळी लावणे हाच बहुधा उरलेला उपाय. नवा फ्रॅग टाकीत घालण्याआधी डिपमध्ये, म्हणजे किडे मारणाऱ्या द्रावणात, बुडवून चपट्या किड्यांची अंडी तपासावीत. डिपने किडे मरतात, अंडी मात्र बहुधा वाचतात आणि ती हाताने खरवडावी लागतात.

ब्लीचिंगचे सर्वांत मोठे कारण उष्णता. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश वर चढून काही आठवडे तसेच राहिले, तर समुद्रातली प्रवाळेही पांढरी पडतात. टाकी २४ ते २७ अंशांत हवी, आणि उत्तनच्या मे महिन्यात दिवे व पंपांची उष्णता मिळून ती सहज ३० च्या वर जाते. कोरड्या हवेत पंखा पाण्याचे बाष्पीभवन करून दोन-तीन अंश उतरवतो; किनाऱ्याच्या दमट हवेत त्याचा तेवढा उपयोग होत नाही. चिलरची, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राची, सोय होत नसेल, तर या हवामानात ॲक्रोपोरा पाळू नये.

पावसाळ्यात वीज गेली की पाण्याची हालचाल थांबते आणि भरलेल्या टाकीतला ऑक्सिजन काही तासांत उतरतो. रात्री तो आणखी लवकर संपतो, कारण शैवालही तेव्हा ऑक्सिजन घेते. बॅटरीवर चालणारा हवापंप किंवा यूपीएसला जोडलेला एखादा वेव्हमेकर जूनच्या आधी तयार ठेवावा. वीज आल्यावर आधी पंप आणि चिलर सुरू करावेत, खारटपणा आणि तापमान पाहावे, आणि दिवे त्या दिवसापुरते मंदच ठेवावेत.