पाण्यावरून उडणारी फळी

उन्हाळ्याच्या सुटींत संध्याकाळीं गिरगांवच्या चौपाटीवर जाऊन बसावें, ओली वाळू पायांखालीं दाबावी आणि समोरच्या समुद्राकडे पाहत राहावें, हें सुख आमच्या या शहरांत गरीब-श्रीमंत सर्वांस सारखेंच लाभतें. परंतु इतक्या जवळ असलेल्या त्या पाण्याशीं आपली ओळख बहुधा गुडघ्याइतकीच असते. मागील सत्रांत एका विद्यार्थ्यानें आम्हांस मोबाइलवर एक चित्रफीत दाखविली. तींत एक मनुष्य फळीवर उभा राहून समुद्रावरून चालला होता. फळी पाण्यास टेकलेली नव्हती, तर हात-सव्वा हात उंच, अधांतरीं होती. शीड नाहीं, ओढणारी दोरी नाहीं, मोठी लाटहि नाहीं! "सर, ही गोष्ट खरी कीं नुसती चित्रांतली?" असें त्यानें विचारिलें, आणि लगेच पुढें म्हणाला, "खरी असेल तर आम्हांला शिकतां येईल का?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर पदार्थविज्ञानाच्या तासांत देतां येतें. दुसऱ्याचें उत्तर देण्यास थोडा अधिक विचार लागतो, आणि तें पालकांनींहि ऐकण्यासारखें आहे. म्हणून दोन्ही उत्तरें येथें देत आहों.

या साधनास ई-फॉइल म्हणतात. ‘फॉइल’ म्हणजे पाण्यांत चालणारा पंख. आपण त्यास जलपंख म्हणूं. वरची फळी पांच-सहा फूट लांब असते. तिच्या तळापासून सुमारें दोन-अडीच फूट लांबीचा एक चपटा दांडा सरळ पाण्यांत उतरतो. दांड्याच्या टोकाशीं लहानशा विमानासारखी रचना असते : पुढें मोठा पंख, मागें शेपटीसारखा लहान पंख, व त्या दोहोंस जोडणारी एक आडवी कांडी. जवळच एक विजेची मोटर बसविलेली असून ती पाणी मागें लोटणारें चक्र फिरविते. मोटरीस वीज पुरविणारी बॅटरी फळीच्या पोकळ पोटांत, पाणी शिरणार नाहीं अशा पेटींत ठेविलेली असते. एकदां पूर्ण भरली म्हणजे ती साधारणतः तास-दीड तास पुरते. स्वाराच्या हातांत खटकी असलेलें एक छोटें यंत्र असतें. खटकी दाबावी तसा वेग वाढतो. सोडली कीं मोटर थांबते. हातापासून मोटरीपर्यंत तार नाहीं. हुकूम बिनतारीच जातो.

आतां फळी वर कां उचलली जाते? संक्रांतीस चाळीच्या गच्चीवर पतंग उडविणाऱ्या मुलास हें निम्में ठाऊकच असतें. पतंग वाऱ्याशीं किंचित् तिरपा राहिला तरच चढतो. तो वाऱ्यास खालीं वळवितो, म्हणून वारा त्यास वर रेटितो. जलपंखाचेंहि तसेंच आहे. तो पाणी कापीत पुढें जातांना पाण्यास थोडें खालीं वळवितो, आणि पाणी त्यास वर उचलतें. भेद इतकाच कीं, पाणी हवेहून सुमारें आठशेंपट घन आहे. त्यामुळें जें काम करण्यास हवेंत मोठमोठे पंख लागतात तें पाण्यांत लहानसा पंख करूं शकतो.

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. समजा, जलपंखाचें क्षेत्रफळ दीड हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे वर्तमानपत्राच्या एका पानाहूनहि लहान, आहे. वेग ताशीं १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ५ मीटर आहे. समुद्राच्या पाण्याची घनता १,०२५ धरून तीस वेगाच्या वर्गानें गुणावें व निम्में करावें. दर चौरस मीटरास सुमारें १२,८०० न्यूटन येतात. त्यांस ०·१५ चौरस मीटरांनीं गुणिलें कीं १,९०० च्या थोडे वर न्यूटन होतात. यांतील किती भाग उचलण्याच्या कामीं येईल तें पंखाच्या तिरपेपणावर अवलंबून असतें. ६० किलोचा स्वार व ३० किलोचें साधन मिळून ९० किलो, म्हणजे सुमारें ९०० न्यूटन भार झाला. तेव्हां निम्म्याहून कमी भाग कामीं आला तरी फळी पाणी सोडते! यांत चमत्कार नाहीं, हिशेब आहे.

याच हिशेबांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. वेग दुप्पट झाला कीं उचलणारें बळ चौपट होतें. म्हणून वेग वाढत असतां पंखाचा तिरपेपणा कमी केला नाहीं तर फळी वर वर चढतच राहील. हा तिरपेपणा कमी-अधिक करण्यास कोणतीहि कळ नाहीं. तें काम स्वाराच्या दोन पायांनींच करावयाचें असतें. पुढच्या पायावर भार दिला कीं पंखाचें नाक खालीं झुकतें, मागच्यावर दिला कीं वर होतें. फळी पाण्यांतून वर आली म्हणजे मात्र मोठा लाभ होतो. पाण्यास टेकलेली फळी सारखें पाणी नांगरीत व पुढें लाट उभी करीत जाते, आणि पुष्कळशी वीज त्यांतच खर्च होते. अधांतरीं असतां पाण्यांत उरतात ते केवळ पातळ दांडा व दोन पंख. त्यामुळें विरोध कमी होतो, आदळआपट थांबते व आवाजहि मंदावतो.

ही कल्पना कालपरवांची नव्हे. इटलीचे एन्रिको फॉर्लानिनी यांनीं १९०६ सालीं माज्जोरे सरोवरावर जलपंखांची नौका पाण्याबाहेर उचलून दाखविली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल व त्यांचे सहकारी केसी बाल्डविन यांच्या नौकेनें ९ सप्टेंबर १९१९ रोजीं कॅनडांतील एका सरोवरावर ताशीं सुमारें ७१ मैलांचा वेग गांठला. १९५० नंतर इटलींत व रशियांत उतारूंच्या जलपंखी नौका चालूं लागल्या. पुढें सर्फिंग करणाऱ्यांनीं फळीखालीं पंख बसविला; आणि लहान पण बलवान् बॅटऱ्या निघाल्यावर, गेल्या दहाएक वर्षांत, ही विजेची फळी बाजारांत आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या शिडांच्या शर्यती मार्सेय येथें झाल्या, तेव्हां शीड लाविलेल्या जलपंखी फळीस प्रथमच स्थान मिळालें. त्याच वर्गांत आपल्या शेजारच्या गोव्याची कात्या कुएल्यो ही शर्यती खेळते. मुंबईचा समुद्रहि अशा खेळांस नवा नाहीं. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांतील शिडांच्या शर्यती येथेंच झाल्या, व फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनीं फायरबॉल वर्गांत सुवर्णपदक मिळविलें.

आतां शिकण्याविषयीं. नवशिक्यास एकदम उभें राहूं देत नाहींत. प्रथम त्यानें फळीवर पोटावर निजून खटकीची ओळख करून घ्यावी : किती दाबली असतां किती वेग येतो, सोडली असतां फळी किती अंतरावर थांबते, वळतांना अंग कोणीकडे कलवावें. मग गुडघ्यांवर बसून तेंच सर्व पुन्हां करावें. त्यानंतर उभें राहावें, पण फळी पाण्यावरच ठेवावी. पाय खांद्यांइतके फांकलेले, गुडघे सैल, व दृष्टि समोर. आपल्या पायांकडे जो पाहतो तो हटकून पडतो. सायकल शिकलेल्या प्रत्येकास याचा अनुभव आहे. हें साधलें म्हणजे वेग स्थिर ठेवून मागच्या पायावर अगदीं थोडा भार द्यावा. फळी वीतभर उठते. त्याच क्षणीं भार पुन्हां पुढें आणावा, म्हणजे ती त्या उंचीवर राहते.

येथेंच सर्वांची फजिती होते. फळी उठली कीं नवशिक्या दचकतो, व दचकलेला मनुष्य मागें झुकतो. मागें झुकल्यानें पंखाचें नाक अधिक वर होतें व फळी अधिकच उंच चढते. शेवटीं पंख पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन हवा ओढून घेतो. उचलणारें बळ एकाएकीं नाहींसें होतें, आणि फळी व स्वार दोघेहि पाण्यांत कोसळतात. म्हणजे जी हालचाल भीतीपोटीं आपोआप होते तीच येथें घातक ठरते. वर जातांना पुढें झुकावयाचें, हें मनास पटण्यास फार वेळ लागत नाहीं. अंगास पटण्यास मात्र कित्येक बुड्या खाव्या लागतात. म्हणून चांगला शिक्षक आरंभीं उडण्यास न शिकवितां पडण्यास शिकवितो. तोल गेला कीं खटकी सोडावी. फळीवर न पडतां बाजूस, तिच्यापासून दूर अंग टाकावें. डोक्यावर सूर मारूं नये. व वर येतांना हात डोक्यावर धरावे, कारण पंखांच्या कडा धारदार असतात. डोक्यास टोप व अंगांत तरंगणारें जाकीट हीं तर हवींतच. पाणी पुरुषभर खोल असावें व आसपास कोणी पोहत नसावें.

खोलीचा प्रश्न निघाला कीं आपल्या समुद्राच्या स्वभावाकडे वळावें लागतें. उधाणाच्या दिवशीं मुंबईस भरती व ओहोटी यांच्या पातळींत चार मीटरांच्या आसपास, केव्हां त्याहूनहि अधिक, अंतर पडतें. सकाळीं जेथें पुरुषभर पाणी होतें तेथें दुपारीं नुसता चिखल असूं शकतो. भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत सोपी आहे : तिथीला तिहींनीं गुणावें व चोहोंनीं भागावें; येईल ती स्थूलमानानें मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेस सव्वाअकराच्या पुढें. २०२५ च्या गणेशोत्सवांत हें साऱ्या शहरानें पाहिलें. लालबागच्या राजाची मूर्ति ७ सप्टेंबरला सकाळीं गिरगांव चौपाटीवर पोहोंचली. तो दिवस पौर्णिमेचा. चढत्या भरतींत मूर्ति तराफ्यावर घेणें जमेना, आणि विसर्जन रात्रीं झालें. लाखों भक्तांनीं वाट पाहिली, पण पाणी कोणासाठीं थांबलें नाहीं. आमचे कोळी बांधव पावसाळ्याच्या आरंभीं होड्या कांठावर ओढून ठेवितात व नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करितात, त्यांतहि हीच समज आहे. पावसाळ्यांत या किनाऱ्यावर फळीचाच काय, पायांचाहि खेळ करूं नये.

येथें आमची स्वतःची एक गोष्ट सांगणें भाग आहे. आम्ही बारा वर्षांचे असतां ओहोटीच्या वेळीं चौपाटीवर कंबरभर पाण्यांत गेलों. पोहतां येत नव्हतें. परत फिरणाऱ्या पाण्यानें पायांखालची वाळू काढून घेतली, आणि पुढचे कांहीं क्षण आम्हांस हिरवट अंधारावांचून दुसरें कांहीं आठवत नाहीं. जवळच जाळें धुणाऱ्या एका कोळीबाबांनीं दंड धरून बाहेर ओढिलें. ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "पोरा, दर्यात यायचं तर पाण्याची वेळ इचारून यावं." घरीं हें कळलें तेव्हां आईनें रडून समुद्राची बंदी केली. ती बंदी आम्ही पुढें कितीतरी वेळां चोरून मोडली. मात्र पोहावयास कोणी घातलें नाहीं, व आम्हीहि मागितलें नाहीं. शेवटीं नोकरी लागल्यावर दादरास शिवाजी पार्काजवळील महात्मा गांधी तरणतलावांत, आपल्या निम्म्या वयाच्या मुलांच्या रांगेंत उभें राहून, पाण्यांत श्वास सोडण्यास शिकलों. आईच्या प्रेमांत उणें नव्हतें. परंतु त्या बंदीनें आमचें रक्षण झालें नाहीं; उलट दहा वर्षें आम्ही समुद्राजवळ असहाय असेच वावरत होतों.

तेव्हां त्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें. बाळा, शिकतां येईल. आज कदाचित् नाहीं; कारण हें साधन दहा हजार डॉलरांच्या घरांत जातें, व परळ-लालबागच्या आपल्या घरांतून तेवढे पैसे खेळासाठीं निघत नाहींत. परंतु त्याच्या आधींच्या पायऱ्या महाग नाहींत. पोहणें शीक. भरतीचा हिशेब कर. पतंग उडवितांना तो कां चढतो याचा विचार कर. पडल्यावर न घाबरतां वर येण्याची संवय अंगीं बाणव. उद्यां त्या फळीवर पाय ठेवण्याचा योग आला तर या चार गोष्टी तुझ्या कामीं येतील. न आला तरी मुंबईसारख्या शहरांत, जेथें तिन्ही बाजूंस पाणी आहे व पावसाळ्यांत चौथी बाजूहि कधीं कधीं पाण्यांतच असते, तेथें त्या वायां जाणार नाहींत.

पालकांस एवढीच विनंति आहे कीं, ‘पाण्याकडे जाऊं नको’ असें सांगून थांबूं नये. मूल एक दिवस पाण्याकडे जाणारच. त्या दिवशीं त्यास पोहतां येत असावें, इतकी तजवीज या सुटींत अवश्य करावी.