फुटलेला प्याला आणि सोन्याची रेघ

“गुरुजी, सोन्याने चिनी मातीचे भांडे चिकटते का हो?” जपानमधील एका जुन्या वाडग्याचे चित्र आम्ही वर्गात दाखविले, तेव्हा एका मुलाने विचारले. शंका रास्त होती. सोने चिकटवीत नाहीच.

या कामास जपानी लोक ‘किंत्सुगी’, म्हणजे सोन्याची जोडणी, म्हणतात. नाव सोन्याचे झाले, तरी जोडणारा पदार्थ आहे ‘उरुशी’, एका झाडाचा चीक. आपली लाख किड्यांपासून मिळते. तिची व याची गल्लत करू नये. उरुशीचे झाड आंबा, काजू व बिब्बा यांच्याच कुळातले. बिब्बा उतला म्हणजे काय होते ते वाचकांस सांगावयास नको. कच्ची उरुशीही तशीच अंगावर उठते.

हा चीक गव्हाच्या पिठात मळून कारागीर तुकडे जोडतो आणि भांडे दमट, उबदार पेटीत ठेवतो. दमट अशासाठी की उरुशी उन्हात वाळत नाही. ओलसर हवेतील प्राणवायू घेऊन ती घट्ट होते. यात आठवडे जातात. मग टवके उडालेल्या जागी उरुशी व बारीक मातीचे लुकण भरावयाचे, घासावयाचे, पुन्हा लेप द्यावयाचा. अगदी शेवटी ओल्या लेपावर सोन्याची पूड भुरभुरतात. सोने काय ते एवढेच!

या कलेच्या जन्माची एक कथा आहे. पंधराव्या शतकात शोगुन आशिकागा योशिमासा याने आपला तडकलेला चिनी वाडगा चीनला पाठवून तसाच दुसरा मागविला. तसा मिळेना, म्हणून तोच धातूचे टाके मारून परत आला. ते टाके जपान्यांस रुचेनात, म्हणून सोन्याची युक्ती निघाली, असे सांगतात. पण तो वाडगा टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि टाके अजून जागच्या जागी आहेत! ते टोळासारखे दिसतात म्हणून वाडग्याचे नावच ‘बाकोहान’ पडले. न रुचलेली वस्तू कोणी अशी मिरवील काय? कथेचा शेवट आम्हांस पटत नाही.

होनआमी कोएत्सू (१५५८–१६३७) याच्या ‘सेप्पो’, म्हणजे हिमशिखर, या वाडग्यास तर भट्टीतच तडे गेले. तो टाकून न देता तडे सोन्याने भरले.

हल्ली तयार साहित्याच्या पेट्या विकत मिळतात. त्यांत पुष्कळदा कृत्रिम डिंक व नुसती सोनेरी पूड असते. अशा भांड्यातून चहा न पिणे बरे.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी आजीच्या बशीचे दोन तुकडे घेऊन आला. आम्ही ते साध्या डिंकाने जोडले. रेघ दिसते. आजी आता त्या बशीत सुपारी ठेवतात.