विश्लेषण : चर्चची दारे उघडली, खिडक्यांचे काय?

घटस्थापनेच्या मुहूर्तावर, गुरुवारी ७ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातील सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे पुन्हा खुली झाली. चर्चची खरी परीक्षा मात्र त्यानंतरच्या रविवारी, १० तारखेला होती. मंदिरात दर्शन घेऊन भाविक पाच-दहा मिनिटांत बाहेर पडू शकतो. चर्चमध्ये शे-दोनशे माणसे ठरलेल्या वेळी एकदम येतात, एका छताखाली तासभर बसतात, एका सुरात प्रार्थना म्हणतात आणि गातात. त्यात मोठा वाटा असतो ज्येष्ठांचा. करोनाच्या विषाणूला जे जे सोयीचे, ते सारे रविवारच्या उपासनेत एकत्र येते. मग काळजी नेमकी कशाची घ्यायची?

आतापर्यंत काय घडले?

मार्च २०२० मध्ये राज्याने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला आणि प्रार्थनास्थळे बंद झाली. केंद्राने ८ जून २०२० पासून ती उघडण्यास मुभा दिली. महाराष्ट्राने मात्र १६ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे दिवाळी पाडव्यापर्यंत थांबायचे ठरवले. त्यावरून राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात झालेली पत्रापत्री वाचकांच्या लक्षात असेल. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये दारे पुन्हा बंद झाली, ती थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडली.

त्या दीड वर्षात मिस्सा मोबाइलवर आली. वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा सलग दोन वर्षे भरली नाही. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा आल्याने अनेक कुटुंबांना आपल्या माणसाला निरोपही धड देता आला नाही. चर्चमध्ये परत जाण्याची ओढ किती होती, हे समजून घेतल्याशिवाय नियमांची चर्चा कोरडीच राहील.

मुंबईला हा अनुभव नवा नाही. साथरोग कायदा झाला तोच इथल्या प्लेगमुळे. त्या काळी भाविकांनी उभारलेले क्रूस वांद्र्याच्या आणि इतर गावठाणांच्या गल्ल्यांत आजही दिसतात. लोकांनी तेव्हाही उघड्यावर, क्रूसासमोर उभे राहून प्रार्थना केली. आजच्या ज्ञानानुसार ती जागा चर्चच्या सभागृहापेक्षा सुरक्षितच म्हणावी लागेल.

धोका कुठे आहे, हाताला की हवेत?

या प्रश्नाचे उत्तर दीड वर्षात बदलले. व्यवस्थापनाच्या सवयी तितक्या बदललेल्या नाहीत.

१० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, माउंट व्हर्नन येथील एका चर्चच्या सभागृहात स्थानिक गायकवृंदाचा सराव झाला. ६१ जण आले होते. साथीची बातमी सर्वांना ठाऊक होती. दारात सॅनिटायझर होते, हस्तांदोलन आणि मिठ्या टाळल्या गेल्या. सराव अडीच तास चालला. आलेल्यांपैकी एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. त्या व्यक्तीसह एकूण ५३ जण आजारी पडले. त्यापैकी ३३ जणांची चाचणी सकारात्मक आली, बाकीच्यांचा आजार लक्षणांवरून करोना मानला गेला. दोघांचा मृत्यू झाला.

दुसरा दाखला ऑस्ट्रेलियातील सिडनीचा. जुलै २०२० मध्ये तेथील एका चर्चमधील तरुण गायकाकडून १२ जणांना संसर्ग झाला. तो पियानोपाशी बसून गात होता आणि बाधित झालेल्यांकडे त्याचे तोंडही नव्हते. हे सारे लोक त्याच्यापासून एक ते १५ मीटर अंतरावर, चर्चच्या एकाच बाजूला बसले होते. कोणी मास्क लावला नव्हता आणि हवा जवळजवळ खेळत नव्हती. सहा फुटांचा नियम इथे सरळ मोडीत निघाला.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२१ अखेर आपली माहिती सुधारून, बंद आणि कोंदट जागेत विषाणू हवेतून दूरवर जाऊ शकतो हे मान्य केले. मे महिन्यात केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सांगितले, की थुंकीचे मोठे थेंब दोन मीटरपर्यंत पडतात, पण सूक्ष्म तुषार दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. याउलट, दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षा कमी, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

म्हणजे बाक पुसण्यावर स्वयंसेवकांचे दोन तास घालवायचे आणि कबुतरे येतात म्हणून खिडक्या बंद ठेवायच्या, हा उलटा कारभार झाला. दारात कपाळावर रोखल्या जाणाऱ्या तापमापक बंदुकीचेही तसेच. लक्षणे नसलेला बाधित तिच्यासमोरून सहज आत जातो. ती असायला हरकत नाही, नियमातही होती. तिच्या भरवशावर राहू नये इतकेच.

हवेचे गणित कसे करायचे?

वसईतील किंवा मुंबईच्या जुन्या गावठाणांतील अनेक चर्च उंच छताची, दोन्ही बाजूंना दारे-खिडक्या असलेली आहेत. पंख्यांच्या आधीच्या काळात माणसांना उकडू नये म्हणून केलेली ही रचना आज कामाला येते. ३० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ८ मीटर उंच चर्च धरा. त्यात २,८८० घनमीटर हवा मावते. १०० माणसे बसली तर माणशी जवळपास २९ घनमीटर. आता एखाद्या इमारतीत घेतलेला १५ बाय १० मीटरचा, तीन मीटर उंचीचा वातानुकूलित हॉल पाहा. हवा फक्त ४५० घनमीटर. त्यात ५० माणसे म्हणजे माणशी ९ घनमीटर. अनेक लहान मंडळ्यांची रविवारची उपासना अशाच हॉलमध्ये भरते. मुंबईत ऑक्टोबर २०२१ मध्ये क्षमतेच्या ५० टक्के उपस्थितीचा नियम दोन्हींना सारखाच होता, पण धोका सारखा नव्हता.

अर्थात उंच छतामुळे फक्त वेळ मिळतो. हवा बदलली नाही तर तासाभरात तीही पुरत नाही. ऑक्टोबरच्या उष्णतेत एसी लावण्याचा आग्रह होणारच. घरगुती प्रकारचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. आतलीच थंड करून पुन्हा फिरवतो. लावायचाच असेल तर काही खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि वीजबिलाचा विचार बाजूला ठेवावा. छताचा पंखाही बंद खोलीत तीच हवा घुसळतो. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडणे, भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसवणे आणि तो नसेल तर उभा पंखा खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून लावणे, हे उपाय स्वस्त आहेत. जाळी बसवली की कबुतरांचा प्रश्नही सुटतो.

मोजण्याची सोयही आहे. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. बाहेरच्या हवेत हे प्रमाण ४०० पीपीएमच्या थोडे वर असते. आत माणसे बसल्यावर ते ८०० च्या आत राहिले तर हवा चांगली खेळते आहे असे समजावे. १,५०० च्या पुढे गेले तर आपण एकमेकांचा उच्छ्वास पुन्हा पुन्हा घेतो आहोत. हे यंत्र विषाणू मोजत नाही, हवेचा शिळेपणा दाखवते. पण कुठली खिडकी उघडल्याने फरक पडतो, हे त्यावर पाच मिनिटांत कळते.

निम्म्या क्षमतेचा नियम असेल तर मिस्सांची संख्या वाढवावी लागते. इथे एक चूक होण्याची शक्यता आहे. दोन मिस्सांमध्ये १५ मिनिटे ठेवली, तर दुसऱ्या मिस्सेला येणारे पहिल्यांची हवा घेतात. तासाला तीन वेळा हवा बदलणाऱ्या सभागृहात, लोक बाहेर गेल्यावर ९५ टक्के कण निघून जायला सुमारे तास लागतो. तासाला एकदाच बदलत असेल तर तीन तास. त्यामुळे मिस्सा कमी ठेवून प्रत्येक विभागाला आठवड्यातला वेगळा वार देणे अधिक शहाणपणाचे. रविवारी हजर राहण्याच्या बंधनातून कॅथलिक चर्चने साथीच्या काळात भाविकांना जागोजागी सूट दिलीच होती.

गाणे बंदच ठेवायचे का?

सर्वात जिव्हाळ्याचा प्रश्न हा. केंद्राच्या ४ जून २०२० च्या कार्यपद्धतीत गायकवृंद आणि सामूहिक गायन टाळावे, शक्य तिथे ध्वनिमुद्रित भक्तिसंगीत लावावे, असे म्हटले होते. पण ‘उपासना संगीत’ हातात घेऊन चारही भागांत गाण्याची सवय असलेल्या मंडळीला स्पीकरवरचे गीत ऐकत बसा म्हणणे सोपे नाही.

ब्रिटनमध्ये २५ व्यावसायिक गायकांवर झालेल्या प्रयोगात एक उपयोगी गोष्ट दिसली. गाण्यातून आणि बोलण्यातून, आवाजाची पातळी सारखी असेल तर, बाहेर पडणाऱ्या तुषारांत फार फरक नसतो. आवाज अगदी हळूवरून अगदी मोठा केला की मात्र ते २० ते ३० पटींनी वाढतात. तेव्हा प्रश्न गाण्याइतकाच आवाजाचा आहे. खणखणीत आवाजात, मास्क हनुवटीवर ओढून दिलेले प्रवचनही निर्धोक नाही. धर्मगुरूंनी माइक जवळ घेऊन हळू बोलावे, लोकांनी प्रार्थना पुटपुटल्यासारख्या म्हणाव्यात. एकच गायक, मास्क लावून, खिडकीपाशी उभा राहून गाईल आणि बाकीचे मनात म्हणतील, हा मधला मार्ग निघू शकतो. प्रवचन दहा मिनिटांत आटोपण्याचा नियम तर भाविकांना सर्वात लवकर पटेल.

ख्रिस्तप्रसादाचे काय?

मिस्सेतील हा सर्वात पवित्र क्षण, आणि दोन चेहरे सर्वात जवळ येतात तेही याच वेळी. धर्मगुरू काही शब्द उच्चारतात, भाविक ‘आमेन’ म्हणतो आणि मास्क खाली करतो. उपाय साधा आहे: ते शब्द वेदीवरून सर्वांसाठी एकदाच म्हणावेत, सर्वांनी एकदाच उत्तर द्यावे आणि पुढे वाटप शांततेत व्हावे. व्हॅटिकनने जानेवारी २०२१ मध्ये राखेच्या बुधवारसाठी नेमकी हीच पद्धत सांगितली होती. शब्द एकदाच म्हणायचे, मास्क लावायचा, काही न बोलता डोक्यावर राख टाकायची. प्रसाद तळहातावर द्यावा. वाटपाआधी धर्मगुरूंनी लोकांसमोर हात स्वच्छ करावेत. वेदीवरच्या प्रार्थनांदरम्यान लोकांसाठीचा प्रसाद झाकलेला असावा. भाविकाने बाजूला जाऊन मगच मास्क खाली घ्यावा.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाचा एकच प्याला फिरवला जात असेल, तर तो आता थांबवावा. छोटे वेगळे प्याले ही कल्पना परकी नाही. जंतूंच्या भीतीने ती अमेरिकेत १८९० च्या दशकातच रुजली. शांतीच्या अभिवादनाची अडचण आपल्याकडे मुळातच कमी, कारण बहुतेक ठिकाणी ते हात जोडूनच होते. दानाची थैली फिरवण्याऐवजी दारापाशी पेटी ठेवली की झाले.

एक वेगळा धोका सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने मेणबत्ती पेटवू नये. त्यात अल्कोहोल असते आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. सॅनिटायझरची बाटली मेणबत्त्यांच्या स्टँडजवळ कदापि नको. शिवाय पावसाळाभर बंद राहिलेल्या आवारात पवित्र पाण्याची भांडी, फुलदाण्या, कुंड्या यांत साचलेले पाणी तपासावे. करोनापासून जपताना डेंग्यू घरी न्यायला नको.

ज्येष्ठांनी यावे की नाही?

कार्यपद्धतीनुसार ६५ वर्षांवरील व्यक्ती, गर्भवती आणि दहा वर्षांखालील मुलांनी घरी थांबावे, असा सल्ला होता. मुलांच्या बाबतीत तो पाळणे जमण्यासारखे होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये १८ वर्षांखालील मुलांचे लसीकरण सुरू झाले नव्हते, त्यामुळे धर्मशिक्षणाचे वर्ग ऑनलाइनच बरे होते. पण रोज सकाळच्या मिस्सेला चालत येणाऱ्या आजींना काय सांगायचे? दीड वर्ष त्या घरात बसल्या, मोबाइल त्यांना वापरता येत नाही, आणि कदाचित याच काळात त्यांनी घरातले कोणी गमावले आहे. ‘या वयात येऊ नका’ असे फलकावर लिहून चर्चची जबाबदारी संपत नाही.

दोन्ही डोस झालेल्या ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एक मिस्सा उघड्या आवारात, सकाळी लवकर, अर्ध्या तासाची ठेवता येईल. वसई परिसरातल्या अनेक चर्चना त्यासाठी जागाही आहे. फक्त मंडप घातला तर तो चारही बाजूंनी मोकळा हवा. तीन बाजूंना ताडपत्री लावलेला मंडप म्हणजे हॉलच. जे येऊच शकत नाहीत त्यांच्याकडे प्रसाद घेऊन जाणाऱ्याने लस घेतलेली असावी, मास्क काढू नये आणि शक्यतो ओट्यावरच प्रार्थना करावी. दहा घरे फिरणाऱ्या एका माणसाकडून दहा घरांना संसर्ग होऊ शकतो.

मिस्सेनंतर फाटकापाशी गप्पा मारणाऱ्यांना स्वयंसेवक हाकलतात, त्याबद्दल वाद होतीलच. मास्क लावून मोकळ्या हवेत दोन शब्द बोलणारे आत बसलेल्यांपेक्षा कमी धोक्यात असतात. त्यांच्यावर ओरडण्याची शक्ती खिडक्या उघडण्यात घालवावी.

नाताळची तयारी केव्हा ठरवायची?

आताच. मध्यरात्रीच्या मिस्सेला होणारी गर्दी रविवारच्या कितीतरी पट असते, आणि नाताळच्या गीतांचा सराव नोव्हेंबरपासूनच सुरू होतो. माउंट व्हर्ननला संसर्ग पसरला तो प्रार्थनेत नव्हे, सरावात. गायकवृंदाची खोली चर्चपेक्षा कितीतरी लहान असते, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तिच्या खिडक्या लावून घेतात आणि चुकलेली ओळ पुन्हा पुन्हा गायली जाते. गायनाला परवानगी असेल, तर सराव आवारात किंवा व्हरांड्यात, पाच-सहा जणांच्या तुकड्यांत आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, असे व्यवस्थापनाने आताच ठरवून गायकवृंदाला कळवायला हवे. ज्याला सर्दी आहे त्याने त्या दिवशी येऊ नये, मग त्याचा आवाज कितीही चांगला असो.