उशापाशींचें फूल

खिडकींत कुंडी ठेवणारीं घरें शहरांत पुष्कळ आहेत. पण आपल्या रोपाच्या पानाची कड साधी आहे कीं दंतुर, हें न पाहतां सांगणारा गृहस्थ विरळा. नुसतें पाहणें आणि निरखणें यांत किती अंतर आहे, तें जपानी कवि मासाओका शिकी याच्या अखेरच्या तीन वर्षांत स्पष्ट दिसतें.

शिकी १८६७ सालीं मात्सुयामा येथें जन्मला. आज जिला हायकू म्हणतात, त्या लहानशा कवितेला त्यानें नवें रूप दिलें. परंतु क्षयानें त्याचा पाठीचा कणा पोखरला आणि तोक्योच्या नेगिशी भागांतील घरांत तो अंथरुणाला खिळला. आई आणि बहीण शुश्रूषा करीत. १८९९ च्या डिसेंबरांत खोलीला कांचेचीं दारें बसविलीं, तेव्हां पडल्या पडल्या अंगण दिसूं लागलें. नाकामुरा फुसेत्सु या चित्रकार मित्रानें दिलेले रंगही हाताशीं होते.

१९०० सालीं त्यानें शेवंतीच्या कुळांतील एक फूल कांचेच्या पात्रांत ठेवून त्याचें चित्र काढलें आणि कुमामोतो येथील मित्र नात्सुमे सोसेकी याला पाठविलें. हा सोसेकी पुढें मोठा कादंबरीकार झाला. १९११ सालीं त्यानें या चित्रावर लेख लिहिला. उमललेलें फूल एक, कळ्या दोन, पानें नऊ आणि रंग अवघे तीन! पण एवढ्यासाठीं निदान पांचसहा तास खर्ची पडले असावेत, असा सोसेकीचा अंदाज. कविता झरझर लिहिणाऱ्या मित्राचा हात येथें अवघडला होता. त्याचा हा बोजड, प्रामाणिक भाग सोसेकीला या चित्रांतच भेटला. चित्र फारसें साधलें नाहीं, म्हणूनच तें इतकें बोलतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

१९०१ च्या वसंतांत मेजावरील फुलदाणींत विस्टेरियाचे घोस होते. घोस आंखूड असल्यामुळें त्यांचीं टोंकें खालच्या चटईपर्यंत पोंचत नाहींत, एवढेंच त्यानें एका कवितेंत टिपलें. उभ्या माणसाच्या नजरेस तें अंतर आलेंच नसतें. पाहणारा आडवा पडलेला आहे, हें न सांगतांच कळतें.

१९०२ च्या मे महिन्यापासून 'निप्पोन' या वृत्तपत्रांत त्याचें रोगशय्येवरील टिपण येऊं लागलें. कोणत्याही प्रसंगीं शांतपणें मरतां येणें म्हणजे ज्ञान, ही समजूत चुकली. शांतपणें जगत राहणें हेंच तें, असें जूनमध्यें त्यानें लिहिलें. त्याच महिन्यांत या यातनांतून कोणी सोडवील काय, हा आक्रोशही त्यानें छापूं दिला. दोन्ही खरीं होतीं. ऑगस्टमध्यें मॉर्फिन घेऊन चित्र काढणें हा त्याचा सर्वांत मोठा आनंद ठरला. फुसेत्सूच्या वहींत तो फुलें रंगवी; एक फांदी उशापाशीं ठेवून जशी आहे तशी उतरवीत असतां सृष्टीचें गुपित हळूहळू उमगतेंसें वाटतें, अशी त्याची नोंद आहे.

अंगणांत घोसाळ्याचा वेल होता. त्याच्या देंठाचा रस कफावर औषध म्हणून देत. १८ सप्टेंबर रोजीं शिकीनें त्या घोसाळ्यावर शेवटच्या तीन हायकू लिहिल्या आणि दुसऱ्या दिवशीं पहाटेपूर्वी तो गेला. १९४५ च्या हवाई हल्ल्यांत तें घर जळालें. नंतर पुन्हां बांधलेल्या घराच्या अंगणांत घोसाळ्याचा मांडव आजही घालतात.